नऊ जणांच्या मुक्कामासाठी लाकडावरची सुटी चूल कोणती घ्यावी?

लळिंगवाट (धुळे):

सप्रेम नमस्कार. आम्ही नऊ जण, म्हणजे सहा मित्र आणि तिघे मावसभाऊ, दर हिवाळ्यात खानदेशातील एखाद्या डोंगरावर किंवा किल्ल्याच्या पायथ्याशी एक-दोन रात्रींचा मुक्काम करतो. आतापर्यंत एकाची जीप हाताशी असल्यामुळे गॅसची लहान टाकी आणि शेगडी बरोबर नेता येत असे. आता ती जीप विकली गेली असून आम्हाला एस.टी.ने किंवा चाळीसगावपर्यंत रेल्वेने जावे लागते. या दोन्हींत गॅसची टाकी नेण्यास मनाई आहे, आणि ती मनाई योग्यच आहे.

गेल्या डिसेंबरात तोरणमाळला एका परिचितांच्या शेतात आम्ही तीन दगड मांडून खिचडी केली. बांधावरून गोळा केलेल्या काटक्या रात्रभर दवात भिजल्या होत्या, त्यामुळे दोन तास धुराने डोळे चोळण्यात गेले; तांदूळ तळाला करपला आणि डाळ मात्र दाताखाली कचकचत राहिली. त्यानंतर मी दुहेरी भिंतीची, डब्याच्या आकाराची एक छोटी स्टीलची चूल मागवली. दोघांचा चहा तिच्यावर फार सुरेख होतो. नऊ जणांचे पातेले तिच्यावर ठेवले, तेव्हा एक जण अखंड काटक्या घालत बसला, दुसरा पातेले धरून उभा राहिला, आणि तरीही शेवटी ते कलंडलेच.

तेव्हा अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे, की एवढ्या माणसांसाठी, दोघांना मिळून उचलता येईल अशी, लाकडावर चालणारी कोणती चूल घ्यावी. तिच्यावर भाकरी आणि भरीत जमेल का. आणि सरपण जागेवर गोळा करावे की घरून न्यावे.

पोलादी चिमटा (जळगाव):

आपली छोटी चूल वाईट नाही; तिच्याकडून नको ते काम करून घेतले गेले. ती तशी का वागली हे कळले, तर पुढची चूल निवडणे सोपे जाईल, म्हणून थोडे मुळापासून लिहितो.

लाकूड स्वतः जळत नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. ते तापले की त्यातून वायू सुटतात आणि आपल्याला दिसणारा जाळ हा त्या वायूंचा असतो. सुक्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग असा वायुरूपाने निघून जातो आणि उरलेला कोळसा नंतर सावकाश, ज्वाळेविना जळतो. वायूंना पुरेशी हवा आणि पुरेसे तापमान मिळाले नाही, तर ते न जळताच धूर होऊन बाहेर पडतात. तीन दगडांच्या चुलीत चारी बाजूंनी गार वारा आत शिरतो, त्यामुळे लाकूड भरपूर जळते आणि उष्णता मात्र रानात जाते. दुहेरी भिंतीच्या चुलीत दोन पत्र्यांमधून वर चढणारी हवा तापते आणि काठाजवळच्या छिद्रांतून वायूंवर येऊन त्यांना पुन्हा पेटवते. म्हणूनच तिच्या काठाशी गॅसच्या शेगडीसारखे जाळाचे तुरे दिसतात. परंतु तिचे पोट लहान असते. बोटाएवढ्या काटक्यांनी ते दहा मिनिटांत रिकामे होते, आणि भलेमोठे पातेले काठावर टेकवले की वरची वाट गुदमरून पुन्हा धूर सुरू होतो.

आता थोडा हिशेब. एक लीटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला ७५ किलोकॅलरी लागतात. सुक्या लाकडाच्या एका किलोत साधारण ३,६०० किलोकॅलरी धरल्या आणि तीन दगडांच्या चुलीची कार्यक्षमता १० टक्के मानली, तर लीटरभर पाण्याला सुमारे २०० ग्रॅम लाकूड जळते. तीच कार्यक्षमता २५ टक्के असली की ८० ते ८५ ग्रॅममध्ये भागते. हा २५ टक्क्यांचा आकडा मी हवेतून काढलेला नाही. भारतीय मानक ब्यूरोचे सुट्या जैवइंधन-चुलींसाठी आयएस १३१५२ हे मानक आहे आणि त्याच्या २०१३ च्या आवृत्तीनुसार पंख्याशिवाय चालणाऱ्या चुलीची कार्यक्षमता किमान २५ टक्के, तर पंख्याच्या चुलीची किमान ३५ टक्के असावी लागते. विकत घेताना दुकानदाराला हे मानक अवश्य विचारावे. तो गोंधळला, तर तेही एक उत्तरच समजावे.

आपल्या नऊ जणांच्या खिचडीला एक किलो तांदूळ, पाव किलो तूरडाळ आणि चार लीटर पाणी धरले, तर चांगल्या चुलीवर उकळी येईपर्यंत चारशे-साडेचारशे ग्रॅम आणि पुढच्या मंद जाळासह एकूण पाऊण किलो सुके लाकूड पुरावे. वाऱ्याची भर म्हणून एक किलो न्यावे. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,१५० मीटर उंचीवर असल्यामुळे तेथे पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळते आणि डाळ शिजायला मैदानापेक्षा जास्त वेळ लागतो. आपली डाळ कचकचली, त्यात या चार अंशांचाही थोडा वाटा असणार. डाळ सकाळीच भिजत घातली, तर ही अडचण बहुतेक संपते.

एवढ्या स्वयंपाकाला माझ्या मते रॉकेट चूल योग्य. अमेरिकेतील लॅरी विनियार्स्की यांनी १९८०च्या दशकात रूढ केलेली ही रचना अगदी साधी आहे: इंग्रजी एल अक्षरासारखी आडवी-उभी नळी, आडव्या तोंडातून लाकूड आत सरकवायचे आणि उभ्या नळीतून जाळ वर खेचला जातो. लाकडाखाली पत्र्याची एक फळी असते, जेणेकरून हवा खालून येऊन निखाऱ्यांतून जाते आणि लाकडाचे फक्त टोक जळते. लांब काठ्या तोडाव्या लागत नाहीत, जळतील तशा पुढे ढकलायच्या, आणि जाळ कमी करायचा तर एखादी काठी बाहेर ओढायची. म्हणजे माणूस लागतो, पण त्याला दर मिनिटाला वाकावे लागत नाही.

ती कुठल्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात बनवून मिळते. आतली नळी चार इंच चौरस आणि उभा भाग साधारण २५ ते ३० सेंटीमीटर उंच असावा. बाहेरून गोडेतेलाचा रिकामा पंधरा किलोचा डबा चालतो आणि मधल्या पोकळीत चाळलेली लाकडाची राख भरावी, कारण राख हलकी असते व उष्णता अडवून धरते. माती भरू नये. ती जड असते आणि पहिला अर्धा तास स्वतःच उष्णता पीत बसते. आतल्या नळीला जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरू देऊ नका, कारण तो तापला की जस्ताचा अपायकारक धूर सुटतो. काळा पत्रा चालतो, स्टेनलेस अधिक टिकतो. पातेल्याभोवती एक सेंटीमीटर फट राहील असे पत्र्याचे कडे करून घेतले, तर वाऱ्याचा त्रासही कमी होतो आणि ज्वाळा पातेल्याच्या अंगाला घासून वर जातात. हे सारे मिळूनही दोघांना उचलायला जड नाही.

दुसरा पर्याय वरून पेटवायच्या चुलीचा. या उभ्या डब्यात तुकडे केलेले इंधन एकदाच भरून वरच्या टोकाला पेटवतात. आग हळूहळू खाली उतरते, धूर जवळजवळ होत नाही आणि शेवटी तळाशी कोळसा शिल्लक राहतो. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या अ‍ॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, ‘संपदा’ या नावाने अशी चूल तयार केली होती. गुण मोठा आहे, पण शिजणे अर्ध्यावर असताना इंधन संपले तर मधेच भर घालता येत नाही, आणि खिचडीसारख्या लांबणाऱ्या पदार्थाला हे गैरसोयीचे ठरते.

खापरावरची (यावल):

चिमटाभाऊंनी चुलीचे गणित उत्तम मांडले आहे, पण त्यांनी हिशेब पाण्याचा केला, आणि दादांनी विचारले आहे भाकरी-भरिताचे. पाण्याला नुसता जाळ पुरतो. भाकरीला जाळ आणि निखारा दोन्ही लागतात, व भरिताला तर चूलच नको.

रॉकेट चुलीचा जाळ एका टोकाला एकवटलेला असतो. पातळ तवा ठेवला तर भाकरी मधोमध करपते आणि कडा पांढऱ्या राहतात. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी जाड असल्यामुळे तिचे तर विचारूच नका. यावर उपाय म्हणजे बिडाचा किंवा जाड लोखंडी तवा घ्यावा, तो जाळावर पाच-सात मिनिटे आधी तापू द्यावा, आणि मग दोन काठ्या बाहेर ओढून जाळ निम्मा करून भाकरी टाकावी. घरच्या चुलीत भाकरी तव्यावरून उतरली की चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्यासमोर उभी करून फुगवतात. रॉकेट चुलीला असे तोंडच नाही. म्हणून एक पसरट लोखंडी घमेले बरोबर न्यावे, चुलीतले निखारे चिमट्याने त्यात ओढावेत, वर जाळी ठेवावी आणि तिच्यावर भाकरी शेकावी. वरून पेटवायच्या चुलीतून उरणारा कोळसा या कामाला फार छान. भाऊंनी जी गैरसोय सांगितली, ती भाकऱ्या करणारीला सोयच वाटेल, हे जाता जाता नोंदवते.

नऊ जणांच्या अठरा भाकऱ्या रानात थापायला एक तास धरा. तेवढा धीर नसेल तर भाकऱ्या घरूनच न्याव्यात आणि तेथे फक्त जाळीवर गरम कराव्यात. ज्वारीची भाकरी दुसऱ्या दिवशी निखाऱ्यावर कडक केली की तेल-तिखटाबरोबर ताज्या भाकरीपेक्षा काकणभर सरसच लागते, असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्यावर मी वाद घालणार नाही.

आता भरीत. आपल्याकडची बामणोद-असोद्याकडची मोठी हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांवरच भाजावीत. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो धुरकट गोडवा येत नाही. उघड्या, स्वच्छ केलेल्या जमिनीवर काड्यांचा थर पसरावा, टोचे मारून तेलाचा हात फिरवलेली वांगी त्यावर ठेवावीत आणि वर पुन्हा काड्या रचून पेटवून द्यावे. जाळ भडकून बसला की वांगी फुफाट्यात उलटीपालटी करावीत. देठाशी दाबून पाहावे. तेथे मऊ लागले तर आत शिजले आहे. सोलून, लाकडी मुसळाने ठेचून मिरची, लसूण, कांद्याची पात आणि शेंगदाणे घालायचे, हे कोणाला सांगायला नको. फक्त हा जाळ कोठे करता येईल आणि कोठे नाही, हे आधी पाहावे लागेल.

भांड्यांबद्दल एक सूचना. पातेल्याच्या बुडाला बाहेरून पातळ मातीचा किंवा राख-पाण्याचा लेप देऊनच ते चुलीवर चढवावे. काजळी लेपावर बसते आणि ओल्या फडक्याने लेपाबरोबर निघून येते. आमच्या आजीच्या काळापासून हे चालत आले आहे, आणि तरी भटकंतीहून परतलेली मंडळी काळी कुळकुळीत पातेली बहिणीच्या पुढ्यात आणून ठेवतात. मी कोणाचे नाव घेत नाही.

जाळरेषा (चोपडा):

मी उन्हाळ्यात वणवा विझवणाऱ्या गावकऱ्यांबरोबर सातपुड्यात फिरतो, त्यामुळे माझे उत्तर चुलीपेक्षा जागेविषयी आहे.

यावल, अनेर धरण आणि गौताळा-औट्रमघाट ही तिन्ही अभयारण्ये आपल्या भटकंतीच्या पट्ट्यात येतात. पाटणादेवीचा परिसर गौताळ्यातच मोडतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३० नुसार अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने आग पेटवणे किंवा पेटती सोडणे हा गुन्हा आहे, आणि राखीव जंगलात आग लावण्यास भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ ने मनाई केली आहे. चूल पत्र्याची आहे, जमिनीला जाळ लागत नाही, हा युक्तिवाद वनरक्षकापुढे करून उपयोग नाही; उडालेली एक ठिणगी साग-सालईच्या वाळल्या पाचोळ्याला पुरते. म्हणून मुक्काम शेतात, गावात किंवा वनविभागाच्या विश्रामगृहाच्या आवारात, तेथील कर्मचाऱ्यांची परवानगी घेऊन करावा. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनपर्यंत तर सातपुड्याच्या आसपास लाकडाची चूल नेऊच नये. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळला जातो, तेवढ्यानेच डोंगर पेटलेले असतात.

जळण जंगलातून उचलणे हेही परवानगीशिवाय करता येत नाही, मग ते वाळून पडलेले का असेना. घरूनच न्यावे, आणि त्यात आपल्या जिल्ह्यांइतकी चैन क्वचितच कुठे असेल. पऱ्हाटी (कपाशीच्या काड्या), तुऱ्हाट्या (तुरीच्या काड्या) आणि दाणे काढलेली मक्याची कणसे गावोगावी बांधांवर पडलेली असतात. पऱ्हाटी भरकन पेटते व भरकन संपते, तुऱ्हाट्या त्याहून स्वच्छ जळतात, मक्याची कणसे वरून पेटवायच्या चुलीत चांगली चालतात. निखारा हवा असेल तर मात्र बाभळीच्या चार ढलप्या सोबत ठेवाव्यात. पऱ्हाटी नेताना तिला चिकटलेली वाळकी बोंडे तोडून शेतातच जाळून टाकावीत, कारण गुलाबी बोंडअळी त्यांत दडून राहते आणि आपण ती एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात फुकट पोहोचवतो. कण्हेर आणि शेर यांची लाकडे चुकूनही मोळीत येऊ देऊ नयेत. दोन्ही विषारी आहेत.

लाकूड सुके आहे की नाही, हे दोन काठ्या एकमेकींवर आपटून कळते: सुकी काठी खणकन वाजते, ओली थप्प आवाज करते. ओल्या लाकडातले पाणी वाफ होण्यात उष्णता खर्च होते, हा तोटा एक वेळ परवडेल. पण त्या वाफेने जाळ थंड पडतो आणि चिमटाभाऊंनी सांगितलेले वायू न जळताच तुमच्या डोळ्यांत जातात. तोरणमाळला तेच झाले असणार. मोळी गोणपाटात नव्हे, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्यावी आणि रात्री तंबूत ठेवावी. चूल मात्र थंडी कितीही असली, तरी तंबूत घेऊ नये. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही.

लळिंगवाट (धुळे):

तिघांचेही मनःपूर्वक आभार. वर दिलेल्या मापांप्रमाणे चूल करून घेतली आणि परवा साक्री तालुक्यात भामेर किल्ल्याच्या पायथ्याशी, एका नातेवाइकांच्या शेतात तिची परीक्षा झाली. खिचडी चूल पेटवल्यापासून पन्नास मिनिटांत झाली आणि मोळी आधी-नंतर ताणकाट्यावर तोलली असता एक किलो शंभर ग्रॅम तुऱ्हाट्या जळाल्या होत्या. डाळ सकाळी भिजवली होती. कोणीही पातेले धरून उभे राहिले नाही.

दोन गोष्टी मात्र जमल्या नाहीत. कारागिराने पत्र्याचे कडे पातेल्याला अगदी घट्ट बसवून दिले, आणि ते लावताच आडव्या तोंडातून उलटा धूर येऊ लागला. शेवटी कडे काढूनच स्वयंपाक केला. शिवाय भाकरीच्या वेळी घमेल्यात निखारे ओढायला गेलो, तर तुऱ्हाट्यांचा निखारा दोन मिनिटांत राख झाला. याला काय करावे?

पोलादी चिमटा (जळगाव):

कडे घट्ट बसले, म्हणजे वर जाणाऱ्या वायूंची वाट बंद झाली; मग ते आले त्या वाटेने परतणारच. कड्याचा व्यास पातेल्याच्या व्यासापेक्षा दोन सेंटीमीटरने मोठा करून घ्या, म्हणजे सर्व बाजूंनी एक सेंटीमीटर फट राहील, आणि पातेले चुलीच्या तोंडावर सपाट न टेकवता तीन लोखंडी गुट्ट्यांवर, म्हणजे छोट्या ठोकळ्यांवर, दीड-दोन सेंटीमीटर उचलून ठेवा. कारागिराने गुट्ट्या दिल्याच नसतील, अशी मला शंका आहे.

खापरावरची (यावल):

निखाऱ्यासाठी जाळरेषाभाऊंनी बाभूळ सांगितली होती, दादा, ती आपण मोळीत घातलेली दिसत नाही. खिचडी उतरायला दहा मिनिटे असताना मनगटाएवढ्या बाभळीच्या दोन ढलप्या आत सारा. खिचडी उतरून पाने मांडेपर्यंत त्यांचा लालबुंद निखारा तयार होतो आणि नऊ भाकऱ्या त्यावर सहज शेकून निघतात. दोन फेऱ्या करायच्या असतील तर चार ढलप्या न्या.